लाळेतला चुना

नाना, मरळीच्या जठरात ग्रंथींच्या तळाशी श्लेष्मा नसतो. तिथे आपल्याला जो किरमिजी रंग दिसला होता तो नुसत्या ग्लायकोजेनचा होता, आणि लाळेने तो निघून जायला हवा होता. तुम्ही म्हणालात तेच बरोबर होतं.

बस, एवढंच सांगायचं होतं. एका दमात होणारं काम. त्यासाठी मला आठ वर्षं मिळाली, आणि त्यातली चार तर आपण एकाच प्रयोगशाळेत, एकाच बेसिनवर हात धूत काढली. आणि आता मी हे सांगतेय कधी, तर तुमच्या तेराव्याची गंधमुक्ती होऊन चार दिवस झाल्यावर, कागदावर. इथे तुम्ही मला "जाऊ द्या ना मॅडम" असंही म्हणू शकत नाही.

त्या दिवशी पिंप्राळ्याला तुमच्या घरी कॉलेजातले सगळे आले होते. सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते, आणि खरं बोलत होते. प्रयोगशाळेला असा परिचर पुन्हा मिळायचा नाही, प्राचार्य म्हणाले. मग कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, "मॅडमच्या पीएच.डी.ला नानांचा फार हातभार होता." मी मान डोलावली. हातभार. तुमच्या घरचं ताट टाकायची हिंमत झाली नाही, म्हणून जेवले.

तुम्हाला आठवतं का, आपली सुरुवातच कशी झाली होती? मी धुळ्याहून नवीनच आलेली. एम.एस्सी.ला विद्यापीठात दुसरी, त्यामुळे नाक छताला टेकलेलं. विषय घेतला होता गोड्या पाण्यातल्या माशाच्या जठराची सूक्ष्मरचना आणि त्यातल्या ऊतींचं रसायन. पहिल्याच आठवड्यात बाजारातून चांगला दोन किलोचा रोहू आणला आणि तुमच्यासमोर ट्रेमध्ये आपटला. तुम्ही पोट चिरलंत, बोटाने जरा चाचपलंत आणि इतक्या हळू म्हणालात की मलाच ऐकू यावं, "मॅडम, याले पोटच नही. सरळ आतडं शे."

रोहूला जठर नसतं हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. बाजारात ते आठवलं नव्हतं. तेव्हा मी हसले, तुम्हीही हसलात, आणि रोहू तुमच्या घरी गेला. त्या दिवशी तुम्ही बरोबर आणि मी चूक याचं मला काही वाटलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर मला ते जमलं नाही.

मरळ घ्या, असं तुम्हीच सुचवलंत. तिचं पोट पिशवीसारखं, डोळ्यांना दिसणारं. तुम्ही गिरणाकाठच्या भोई घरातले. भडगावला तुमचे भाऊ अजून जाळं टाकायचे. मरळ हवा पिते, थोड्याशा पाण्यातही तग धरते, म्हणून तुम्ही दुधाच्या कॅनमध्ये चार बोटं पाणी घालून एसटीने जिवंत मरळी आणायचात. एकदा कंडक्टरने झाकण उघडायला लावलं आणि एक मरळ थेट त्याच्या तिकिटांच्या पेटीवर पडली. ती गोष्ट तुम्ही स्टाफरूममध्ये इतक्यांदा सांगितलीत की शेवटी ती पेटीतून ड्रायव्हरपर्यंत पोचली होती. आणलेल्या मरळी दोन दिवस सिमेंटच्या टाकीत उपाशी ठेवायच्या, म्हणजे पोट रिकामं होतं. त्या दोन दिवसांत तुम्ही टाकीजवळ बसून डबा खात नसत. "ती उपाशी शे, आन मी तिना समोर खाऊ का?" असं म्हणायचात. मी यावर तुमची किती टिंगल केली.

आणि ते मेण. जळगावच्या एप्रिलमध्ये मेण काय धरून राहणार? मेणात बसवलेला जठराचा तुकडा मायक्रोटोमवर चढवला की पातळ चकत्यांची सलग फीत निघायला हवी. आमच्याकडे निघायचा चुरगळलेला लगदा. तुम्ही पहाटे सहाला येऊन प्रयोगशाळा उघडायचात, कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणायचात, पातेलं भरून त्यावर मेणाचे ठोकळे ठेवायचात. मी आठला यायचे तोवर फीत पाण्यावर अलगद तरंगत असायची. माझ्या प्रबंधात जी शहाण्णव छायाचित्रं आहेत त्यांतल्या प्रत्येक चकतीला तुमचा हात लागलाय. माझे हात लागले ते बहुतेक छायाचित्राखाली नाव टाकताना.

लाळेची परीक्षा तुम्ही विद्यार्थ्यांना जशी समजवायचात तशी मला आजही जमत नाही. शिफचा रंग घालायच्या आधी एका चकतीवर तासभर लाळ ठेवायची, तिच्याच शेजारच्या चकतीवर नुसतं पाणी. का? तुम्ही म्हणायचात, "हा रंग दोघांना चढतो, साखरेला आणि शेंबडाला. लाळ साखर खाऊन टाकते, शेंबूड खात नाही. लाळेनंतर जिथे रंग उरला, तिथे शेंबूड." पोरं खिदळायची, पण परीक्षेत कोणी चुकायचं नाही. मी ग्लायकोजेन आणि श्लेष्मा असे शब्द वापरून तेच सांगायचे आणि अर्धा वर्ग झोपायचा.

पुस्तकात लाळेऐवजी बाटलीतलं एन्झाइमही सांगितलेलं आहे. ते मागवलं होतं, येत नव्हतं. मग लाळ कोणाची? मला बीकरमध्ये थुंकायची लाज वाटायची. आज हसू येतं, लाज तरी कशाची वाटावी माणसाला. मी तुमच्याकडे बीकर सरकवला. तुम्ही तंबाखू खायचात, डाव्या तळहातावर चुना घालून मळलेली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी म्हटलं, तंबाखूची लाळ चालणार नाही. तुम्ही पुडी आणि चुन्याची डबी टेबलाच्या खणात टाकलीत आणि कोमट पाण्याने तीन चुळा भरून आलात. असे सोळा दिवस. सोळा दिवस तुम्ही चिडचिडे, डोकं धरून बसलेले, पण सकाळी दहा वाजता बीकर भरून तयार.

सगळ्यात शेवटच्या खेपेला, ग्रंथींच्या चकत्यांची पाळी आली तेव्हा, ते झालं. ग्रंथींच्या तळाशी, जिथे लाळेने रंग जायला हवा होता, तिथे तो तसाच राहिला. दोन्ही चकत्या सारख्याच किरमिजी. म्हणजे तिथे श्लेष्मा. मरळीच्या जठरात त्या जागी श्लेष्मा कोणी दाखवला नव्हता. माझ्या प्रबंधात तोवर नवं असं काहीच नव्हतं; सगळं आधी कोणी ना कोणी बघितलेलं. ही एकच गोष्ट माझी होती. मी त्याच दिवशी मार्गदर्शकांना फोन केला. त्यांनी ताबडतोब शोधनिबंध लिहायला सांगितला. आठवडाभरात मी तो लिहून पाठवूनही दिला.

त्यानंतर तुम्ही आलात, हातात दोन परीक्षानळ्या घेऊन. एकीतलं पाणी गर्द निळं, दुसरीतलं जवळजवळ स्वच्छ. बारावीच्या प्रॅक्टिकलचा तो खेळ तुम्ही दर वर्षी मांडायचात: स्टार्चमध्ये लाळ घालायची, आयोडीन टाकायचं, लाळेने स्टार्च खाल्ला असेल तर निळं होत नाही. तुम्ही नळ्या माझ्या टेबलावर ठेवल्यात आणि खाली मान घालून सांगितलंत की शेवटच्या दिवशी सकाळी तुम्ही तंबाखू खाल्ली होती. दाढ दुखत होती, राहवलं नाही. चूळ भरली होती, पण घाईत, एकच.

"मॅडम, तमाखूनं काही व्हत नही. चुनानं व्हस. चुनामुळे लाळ मरी जास. हाई निळी नळी चुना खायेल लाळनी शे, हाई बिनचुनानी. गुटखावाला पोरेसनं बी असंच व्हस, दर सालले देखस मी."

कॉलेजात तुम्ही एरवी शुद्ध बोलायचात. मनापासूनचं काही बोलायचं असलं की तेवढी अहिराणी सुटायची. मला तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं. आणि कळलंही होतं, नाना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. लाळेतलं एन्झाइम चुन्याच्या तीव्र अल्कलीत टिकत नाही, हे मला त्या क्षणी पुस्तकातल्या पानासकट आठवलं. तुम्ही परीक्षानळ्या न आणता नुसतं बोलला असता तर कदाचित मी ऐकलंही असतं. पण तुम्ही प्रयोग करून आला होतात. शिपायाने प्रयोग करून माझा निष्कर्ष खोडावा, हे माझ्या नाकाला झोंबलं.

मी त्या दोन्ही नळ्या उचलल्या आणि बेसिनमध्ये ओतल्या. आणि म्हणाले, "नाना, तुम्ही थुंका, विचार मी करते." तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी खण उघडून तुमची तिथेच पडून असलेली पुडी आणि डबी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "झालं आपलं काम. आता खा खुशाल."

तुम्ही बेसिनपाशी गेलात, दोन्ही नळ्या ब्रशने घासून स्टँडवर पालथ्या घातल्यात, बेसिनला लागलेला निळा डाग पुसलात. मग पुडी उचलून बाहेर गेलात. दुसऱ्या दिवसापासून आपण पुन्हा शुद्ध मराठीत बोलायला लागलो. तुम्ही माझ्याशी अहिराणी त्यानंतर फक्त एकदा बोललात.

निबंध छापून आला. प्रबंध मंजूर झाला. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, लाळ वापरली की एन्झाइम? मी म्हटलं, एन्झाइम. प्रबंधातही तसंच लिहिलं होतं, ते जास्त भारदस्त दिसतं म्हणून. म्हणजे तुमची चूक तर तुम्ही येऊन कबूल केली होती, मी मात्र तुमची लाळसुद्धा खाऊन टाकली. पानभर आभार मानले होते: मार्गदर्शक, प्राचार्य, ग्रंथपाल, आईवडील, नवरा. शेवटी "प्रयोगशाळेतील कर्मचारी वर्ग". त्या वर्गात तुम्ही एकटेच होतात.

वर्षभराने एन्झाइमची बाटली आली. एका रविवारी दुपारी मी एकटीच प्रयोगशाळेत गेले, तोच जुना मेणाचा ठोकळा काढला, तुमच्याइतक्या नाही पण बऱ्या चकत्या पाडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली वरचं अस्तर ठसठशीत किरमिजी, आणि ग्रंथींचा तळ फिकट, कोरा. रंग गेला होता. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. स्लाइडवर तारीख घालून ती मी पेटीत सर्वांत मागे सरकवली आणि घरी येऊन पोळ्या लाटल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पदोन्नतीचा अर्ज जायचा होता, त्या निबंधाच्या आधारावर दोन विद्यार्थिनी पुढचं काम करत होत्या. मी स्वतःला सांगितलं, एवढ्याशा रंगाने कोणाचं काय बिघडतं? आणि दर सोमवारी तुम्ही कपाट पुसताना मला घाम फुटायचा. पेट्या पुसताना प्रत्येक स्लाइड उजेडाला धरून बघायची तुमची सवय होती. ती तारखेची स्लाइड तुम्ही बघितलीत का, नाना? हे मी तुम्हाला कधी विचारू शकले नाही, कारण विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं.

मग तुम्ही निवृत्त झालात. आणि गेल्या वर्षी कळलं की तुमच्या गालाला आतून गाठ आली, धुळ्याला ऑपरेशन झालं, किरणांचे शेक घेतले. मी भेटायला येईपर्यंत अडीच महिने लावले. पिंप्राळा माझ्या घरापासून स्कूटीने दहा मिनिटं.

तुम्ही खाटेवर बसला होतात, अर्धा चेहरा आत गेलेला, हातात पाण्याची बाटली. दर दोन शब्दांनी एक घोट. शेकामुळे लाळ सुटायची थांबली होती. मला बघून तुम्ही हसायचा प्रयत्न केलात आणि म्हणालात, "मॅडम, आते तुमनं काम व्हवाव नही. थुक आटी गयी."

तुमच्या पत्नी, अक्का, चहा टाकायला आत गेल्या. तुम्ही घोट घेतलात आणि विचारलंत, "त्या मरळना पोटनं मंग काय व्हयनं?"

इतका मोकळा दरवाजा मला आयुष्यात कोणी उघडून दिला नसेल. मी तेच सांगायला आले होते, देवाशपथ. पूर्ण रस्ताभर वाक्य घोकत आले होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "छापून आलं ना, नाना. केव्हाच."

तुम्ही म्हणालात, "मंग बरं शे." आणि बाटलीचं झाकण लावलंत. त्या "बरं शे"चा अर्थ मी तेव्हापासून लावतेय. कधी वाटतं, तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तुम्ही मला सोडून दिलंत. कधी वाटतं, काही माहीत नव्हतं आणि तुम्ही खरोखरच, मरेपर्यंत, चूक आपलीच झाली असं समजत राहिलात. दुसरं जास्त वाईट आहे, आणि मला तेच खरं वाटतं.

गंधमुक्तीच्या दिवशी पंगत उठल्यावर मी आत अक्कांपाशी बसले. त्या माझा हात धरून बोलत होत्या. राग नव्हता त्यांच्या आवाजात, असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुमना कामना दिन व्हतात ना, तवय त्यासनी तमाखू बंद व्हती. सोळा दिन. आम्हले बठ्ठासले वाटनं, सुटनी एकदानी."

मला खण उघडल्याचा आवाज ऐकू आला. डबी टेबलावर ठेवल्याचा. आता खा खुशाल.

तुमच्या गाठीला मी एकटी जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. तंबाखू तुम्ही माझ्या आधी तीस वर्षं खात होतात. पण सोळा दिवस, शेवटची ती एक सकाळ वगळता, तुम्ही ती सोडली होतीत, आणि मीच ती पुन्हा तुमच्या हातात दिली. हे कुठल्याही परीक्षेत पुसून निघणारं नाही.

अक्कांना मी तुमचं पूर्ण नाव विचारलं. इतकी वर्षं मी फक्त नाना म्हणत आले. हजेरीपटावर नाव होतं, पण मी ते कधी वाचलं नव्हतं. त्या गडबडल्या. "तुमना मस्टरमा व्हई ना," म्हणाल्या. मग मला आठवलं, त्यांच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी राहू द्या म्हणाले. त्यांनी पदर नीट केला, भिंतीकडे बघितलं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करून नाव घेतलं. नथ्थू भिका. आणि विचारलं, "कसाले पाहिजे?"

मी म्हटलं, एक दुरुस्ती छापायची आहे.

घरी येऊन मासिकाला पत्र लिहायला बसले. अमुक छायाचित्रातला निष्कर्ष चुकीचा आहे, तो मागे घेत आहे. पुढे कारण लिहायचं असतं. माझ्या बोटांनी आपोआप लिहिलं: तांत्रिक चूक. वाचून चांगलं वाटलं. सगळेच असं लिहितात. मग लक्षात आलं की आमच्या प्रयोगशाळेत तंत्र म्हणजे तुम्ही होतात. तांत्रिक चूक म्हणजे नानांची चूक. तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोवर मी पुन्हा बेसिनपाशी उभी होते, नळ्या हातात घेऊन.

तो कागद फाडला. काल सकाळी प्रयोगशाळेत गेले. मरळीचा जुना ठोकळा काढला, बर्फ आणला, फीत काढली. तीन स्लाइड केल्या. एकीवर पाणी, एकीवर स्वच्छ लाळ, एकीवर चुना मिसळलेली लाळ. लाळेसाठी चुळा भरल्या आणि बीकरमध्ये थुंकले. नवीन आलेला परिचर दारातून बघत होता, मॅडमना काय झालंय म्हणून. मला त्याची लाज वाटली नाही. चुना तुमच्याच चौकातल्या पानवाल्याकडून आणला होता.

स्वच्छ लाळेने रंग गेला. चुन्याच्या लाळेने तो तसाच राहिला, जसा माझ्या छापलेल्या छायाचित्रात आहे, हुबेहूब. चुना लावला म्हणतात तो आठ वर्षं मीच सगळ्यांना लावत होते. तुमच्या त्या दोन नळ्यांत हे सगळं आधीच होतं.

मग पत्र पुन्हा लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं की परीक्षेसाठी एन्झाइम नव्हे, लाळ वापरली होती. लाळेत चुना होता. आमच्या प्रयोगशाळेतले नथ्थू भिका यांनी ही चूक निबंध छापून येण्याआधी, पुराव्यासकट माझ्या लक्षात आणून दिली होती. मी ती ऐकून घेतली नाही. आज पाठवलं. विभागात कळेल, त्या दोन विद्यार्थिनी विचारतील, मार्गदर्शकांचा फोन येईल. येऊ दे.

तिन्ही स्लाइड मी तुम्ही पुसायचात त्या पेटीत ठेवल्यात, पुढे, पहिल्या खाचेत. हिऱ्याच्या पेन्सिलीने काचेवर कोरायला जागा थोडी असते, म्हणून दोनच गोष्टी कोरल्या आहेत. थुंकी माझी. विचार नानांचा.